पानाची डावी बाजू

पेटी उघडली की आधी वेखंड येतं. मग कडुनिंबाचा वाळका पाला. मग जुन्या कागदाचा आंबूस वास, आणि सगळ्यात शेवटी, नाक अगदी जवळ नेलं तर, गंगेचा गाळ. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो, तिकडची गंगा रागावली तर रागावो बापडी. एका वर्षी घाटावरच्या उंच दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत पाणी चढलं आणि आमच्या वह्या भिजल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आता सत्तरी उलटून गेली, तरी तो गाळ काही पेटीतून गेलेला नाही.

पेटी मी सहसा उघडत नाही. ते काम पुतण्याचं, श्रीरंगचं. आम्ही रामकुंडावरचे उपाध्ये. यजमान अस्थी घेऊन आला की त्याला गाव आणि आडनाव विचारायचं, त्या गावाची वही काढायची, त्याच्या आज्या-पणज्यांची नावं मोठ्यानं वाचून दाखवायची. मग खाली आजची नोंद करायची आणि त्याची सही नाहीतर निशाणी घ्यायची. हीच नामावळी. हल्ली अस्थी नसल्या तरी माणसं येतात. वहीत कुणबी अशी जुनी नोंद निघाली तर दाखल्याला आधार होतो, म्हणून फायली काखेत मारून आमचे तीन जिने चढतात. श्रीरंग त्यांना पानांचे फोटो काढून देतो. त्या दिवशी तो घाटावर अडकला होता. सिंहस्थाच्या कामांसाठी सगळं खणून ठेवलंय, चार पावलांच्या वाटेला अर्धा तास लागतो. म्हणून बेल वाजली तेव्हा दार मीच उघडलं.

दारात एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला पांढरी टोपी, आणि त्यांचा दंड धरून एक मुलगी. तिच्या हातात प्लास्टिकची फाइल. जिन्यानं दोघांनाही धाप लागली होती.

"मनमाडहून आलो ताई," म्हातारे म्हणाले. "रेल्वेत गँगमन व्हतो. समदा जल्म रुळावर गेला. ही नात, कोमल. हिला फार्मसीला नंबर लागतोय, पण कागूद पायजे."

"सोमवार लास्ट डेट आहे आजी," मुलगी म्हणाली. तिनं दोनदा सांगितलं ते.

पेटीपाशी बसून मी गाव विचारलं. त्यांनी गिरणेकाठचं गाव सांगितलं. आडनाव विचारलं. त्यांनी आडनाव सांगितलं, आणि माझा हात झाकणावर तसाच राहिला.

ते आडनाव मी इथं लिहिणार नाही. त्या आडनावाचं संस्थान होतं, हत्ती होते, तोफांच्या सलाम्या होत्या. नाव घेतलं तर तुम्ही लगेच म्हणाल, अगंबाई, ते का! आणि माझ्यासमोर त्याच आडनावाचे हे म्हातारे, कोमलचे आबा, रेक्झिनच्या चपला दाराबाहेर नीट जोडीनं ठेवून, मांडी घालून फरशीवर बसले होते.

"त्येच घरानं," आबा स्वतःहून म्हणाले. "राजे झाले ते धाकल्याचे. आमी थोरल्याचे. आमच्या सटवाबाबानं सवताचे बैल इकून भावाला घोडी घीऊन दिली, तवा कुटं धाकला शिपाई झाला. आमच्याकडं हे समद्या पोरांना म्हाईत हाय."

मी म्हटलं, बसा, चहा टाकते. पळ काढला म्हणा ना सरळ. आधण ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले.

त्या पुरानंतर आमच्या घरात दोऱ्याच दोऱ्या होत्या. ओसरीत, माजघरात, देवांच्या डोक्यावरसुद्धा. दोऱ्यांवर वह्यांची पानं वाळत घातलेली. फोडणीचा धूर कागदाला चिकटतो म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोडणीच बंद केली. महिनाभर आम्ही ताकभात आणि मेतकूट खाल्लं. शेजारच्या घरून लसणीचा वास आला की माझा भाऊ रडायचा. आई म्हणायची, "रडू नकोस रे, लोकांचे वाडवडील वाळतायत आपल्याकडे."

वही खराब झाली की ती नव्या वहीत उतरवायची आणि जुनी गंगेत सोडायची, ही आमच्या घराची पद्धत. उतरवायचं काम खरं तर भावाचं. पण त्याचं अक्षर असं होतं, की अण्णा म्हणायचे, "ह्याच्या हातून लिहून घेतलं तर पितर घरी पोचायचे नाहीत." माझं अक्षर मात्र चांगलं होतं. मोडी मी अण्णांच्या मांडीला मांडी लावून शिकले होते. दिव्याच्या काजळीची शाई, बोरूची ती करकर, ओल्या अक्षरावर भुरभुरायची बारीक रेती, मग ती फुंकरीनं उडवायची आणि डोळ्यांत गेली की शिव्या खायच्या. अण्णा वाचायचे, मी लिहायची. खाडाखोड चालायची नाही. एक अक्षर चुकलं तरी पान नव्यानं.

ह्या गावाचं पान मला फार आवडायचं. सगळ्यात वर, मधोमध, एकच ओळ होती. "सटवाजी व गोंदजी बिन रायाजी, कुणबी, बापाच्या अस्थी घेऊन आले. दोघे एकत्र, नांगर एक." बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. आणि खाली एवढासा नांगर काढलेला. दोघांनाही लिहिता येत नव्हतं. इतर भाऊभाऊ यायचे तेव्हा प्रत्येकाची वेगळी निशाणी घ्यायची रीत होती. ह्यांनी एकच काढली. कुणी हात धरून कुणाचा काढला, देव जाणे.

त्या ओळीखाली पान उभं दुभागलं होतं. उजवीकडे धाकट्या गोंदजीचा वंश, डावीकडे थोरल्या सटवाजीचा. उजवीकडे गोंदजी दुसऱ्यांदा आला तेव्हा नांगराच्या जागी कट्यार होती. शिपायाची निशाणी. तिसऱ्यांदा आला तेव्हा बरोबर चाळीस घोडी, आणि कट्यारीच्या जागी शिक्का. त्याच्या मुलाच्या वेळेला पालखी, छत्र, सोबत भालदार. पुढं नावं लांबत गेली, राव झाले, साहेब झाले, श्रीमंत झाले, आणि एका ओळीत नाव मावेना. सह्या अशा झोकदार, की मी बोटानं हवेत गिरवून बघायची.

डावीकडे नांगर. त्याच्या खाली नांगर. त्याच्या खाली नांगर. एका दुष्काळाच्या नोंदीत एकाच दिवशी तिघांच्या अस्थी आल्या होत्या. त्यानंतरची नावं पाहा, दगडू, धोंडू, कचरू. पोरं जगत नसली की घरोघरी असली नावं ठेवतात, मरणाला किळस यावी म्हणून. आईनं मला ते सांगितलं तेव्हा मी डाव्या बाजूला रेती जरा हलक्या हातानं टाकली होती, एवढं आठवतं.

ते पान मी सकाळभर बसून लिहिलं. दोन्ही बाजू. नांगर तर इतके सुबक काढले, की अण्णांनी "शाब्बास गं" म्हटलं. अण्णांच्या तोंडून शाब्बास म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

आणि मग मोटार आली. आमच्या बोळात ती शिरेना, म्हणून कारभारी चालत आले. संस्थान तोवर संपलं होतं, पण कारभारी होते. अंगावर हिना अत्तर, बोटात पुष्कराज. ते गेल्यावरही दोन दिवस ताकभाताला हिन्याचा वास येत होता. घराण्याचा इतिहास छापायचं चाललंय, ते सांगत होते. आमच्या वहीतलं पान त्यांनी पाहिलं, डावीकडे बराच वेळ पाहिलं, आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

"एवढं सगळं कशाला उतरवता, उपाध्ये?"

"वही खोटं बोलत नाही आमची," अण्णा म्हणाले.

"खोटं लिहा असं म्हणतंय कोण? आमचं तेवढं लिहा. बाकीचं सोडा."

पुढं दार लावून काय बोलणं झालं, मला माहीत नाही. आयुष्यभरात अण्णांनी ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोरं पान माझ्यापुढं टाकलं. "परत लिही. उजवी बाजू. डावी सोड."

"का?"

"तुला विचारलं का?"

पहिली ओळ सांगताना त्यांनी सटवाजी घेतला नाही. दोघे एकत्र घेतलं नाही, नांगर घेतला नाही. गोंदजी बिन रायाजी, आणि मग कुणबी या शब्दाच्या जागी "सूर्यवंशी क्षत्रिय" असं म्हणाले. तेवढे दोन शब्द अण्णा वहीत न बघता बोलले. मी लिहिले. आणि आता लपवून काय करू, मला त्या दिवशी आनंदच झाला होता. माझं ते पान आदल्या पानापेक्षाही देखणं उतरलं होतं. कारभाऱ्यांनी ते पाहून मला फाउंटन पेन दिलं, निळं, सोनेरी टोपणाचं. आख्ख्या शाळेत तसलं कुणाकडे नव्हतं. चार दिवस मी तोऱ्यात हिंडले.

पहिलं पान अण्णांनी बंबात घातलं. त्या पाण्यानं मी अंघोळ केली.

जुनी वही सोडायला मी गेले होते. लाल फडक्यात गुंडाळून अण्णांनी ती पाण्यावर ठेवली. रामकुंडात हाडंसुद्धा विरतात असं आम्ही यजमानांना सांगतो, मग कागदाचं काय घेऊन बसलात. पण ती लवकर बुडेना. फडकं सुटलं, पानं फुगली, एकेक करून पायऱ्यांना येऊन लागायला लागली. अण्णा काठीनं ती परत आत ढकलत होते. शेजारी पिंडांवर कावळे बसले होते, झेंडूचा आणि भिजल्या पिठाचा वास येत होता, आणि माझे वडील कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून काठीनं कागद ढकलत होते. मी तोंड फिरवलं.

आईसाठी कारभाऱ्यांनी येवल्याची पैठणी पाठवली होती. आईनं ती हातात घेतली, पदरावरचे मोर पाहिले आणि नामावळीच्या पेटीत तळाशी घालून ठेवली. पुढं माझ्या लग्नात नाही, भावाच्या लग्नात नाही, कधीच नेसली नाही. "उष्ण पडते मला," म्हणायची. ती गेली तेव्हा माझी चुलत बहीण म्हणाली, अगं, पैठणी घाला तिच्या अंगावर, सौभाग्यानं गेली. मी काढली. घडी उलगडली तर घडीघडीवर रेशीम चिरत गेलं, हातात पट्ट्याच आल्या. त्या पट्ट्या अजून पेटीत आहेत. टाकवत नाहीत.

चहा उतू गेला तेव्हा भान आलं. कप घेऊन बाहेर आले तर आबा तसेच बसले होते, हात जोडून, पेटीकडे तोंड करून. देवळात बसावं तसे.

मी वही काढली. पान उघडलं. उजवी बाजू भरलेली, माझं अकराव्या वर्षाचं अक्षर, आजही बघत राहावं असं. डावी बाजू कोरी. साठ वर्षांत कागद पिवळा पडलाय, तेवढंच.

मी वाचलं. "गोंदजी बिन रायाजी..." पुढचे दोन शब्द तोंडातल्या तोंडात वाचले. मग कट्यार, मग शिक्का, मग पालखी, मग श्रीमंत. कोमलनं मोबाइल पुढं धरला होता, आवाज भरून घ्यायला. आबा शेवटपर्यंत मान हलवत ऐकत राहिले. वाचून झालं तरी त्यांनी हात सोडले नाहीत.

"आन् थोरला?"

मी वहीच्या कडा सारख्या करत राहिले.

"ताई, माजा आजा हितं आलता. त्याच्या बापाच्या अस्ती घीऊन. तुमच्यातल्याच कुनी हीच वही वाचून दाखवली त्याला. आजा मरस्तवर सांगायचा. येक वाक्य त्याला पाठ झालतं. दोघे एकत्र, नांगर एक. त्ये कुटं हाय?"

माझ्या हातातली वही खाली आली. मला वाटलं होतं, ते वाक्य जगात मला एकटीलाच ठाऊक आहे. बंबात गेलं, गंगेत गेलं, अण्णा गेले. एकदा मी गेले की सुटले. आणि हा माणूस ते मनमाडच्या रेल्वे कॉलनीत आयुष्यभर तोंडात धरून बसला होता.

मग मी सगळं सांगितलं. पूर, दोऱ्या, मोटार, पेन, बंब. माझं तोंड तसं फटकळ, पण त्या दिवशी शब्द अडखळत होते. अण्णांच्या नावावर सगळं ढकलता आलं असतं, मनात आलंही. पण लिहिणारा हात माझा होता. ते मी सांगितलं.

कोमलनं मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे आमचं नावच नाही?" ती म्हणाली. "मग सोमवारी काय देऊ मी?"

मला तिच्याकडे बघवेना. आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. "मी लिहून देते. जागा आहे ना इथं, डावी बाजू कोरीच आहे. मला पाठ आहे सगळं. शाई करते, बोरू आहेत. अक्षर माझंच, वही तीच. कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि खोटं कुठं आहे? जे होतं तेच लिहायचं."

"लिहा ना आजी," कोमल पुढं सरकली. "आबा, लिहू द्या ना. खरंच तर आहे."

आबांनी कोऱ्या बाजूवरून एकदा हात फिरवला. काळा, रुळावरच्या कामानं निबर झालेला हात. "नको," म्हणाले.

"आबा!"

"नको म्हंतो ना. येकदा काढलं. आता त्याच हातानं परत घातलं तर खरं बी खोटंच व्हईल. उद्या कुनी म्हंल, म्हातारीनं लिवून दिलं. सटवाबाबाला चोरून आत घालू व्हय मी?" आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. "वाचा फकस्त. पाठ हाय म्हंता ना? वाचा."

मी डोळे मिटले नाहीत. कोऱ्या कागदावर बोट ठेवलं आणि वरून वाचत आले. "सटवाजी व गोंदजी बिन रायाजी, कुणबी, बापाच्या अस्थी घेऊन आले. दोघे एकत्र, नांगर एक." मग डावीकडे, सटवाजीचा रायाजी. रायाजीचा म्हसू. म्हसूचा लक्ष्मण. लक्ष्मणाचे तिघे एकाच दिवशी. राहिलेला दगडू. दगडूचा धोंडू. धोंडूचा कचरू. बोट खाली सरकत होतं आणि आबा प्रत्येक नाव माझ्यामागून म्हणत होते. कचरूपाशी त्यांचा आवाज चिरकला.

"त्यो माजा आजा," ते नातीला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "परत येकदा वाचा."

मी परत वाचलं. कोमल रडत होती. आजोबांसाठी की सोमवारसाठी, कोण जाणे. दोन्ही खरंच होतं. श्रीरंग आल्यावर दुसऱ्या वह्या बघेल, तहसीलमध्ये काही निघेल, असं मी काहीबाही बोलले. तिनं नाक पुसत मान हलवली. तिकडं सगळं बघून झाल्यावरच ते आमच्याकडे आले होते.

निघताना आबा उठले नाहीत. "आजची नोंद करत्यात ना? तेवडी करा. ती तर खरी हाय."

मी बोरू घेतला. डाव्या बाजूला, अगदी खाली. "काय लिहू?"

"लिवा, कचरूचा नातू आला व्हता. थोरल्याचं नाव वहीत गावलं नाय."

 आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर मी त्या दिवशी काढलं. शेवटी रीतीप्रमाणे त्यांना वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता. "कचरूचा नातू आला होता. थोरल्याचं नाव वहीत सापडलं नाही."

आबांनी नातीकडे पाहिलं. "तसंच लिवलंय का गं?"

कोमल पानावर वाकली. त्या वेलबुट्टीकडे बराच वेळ बघत राहिली. "मला नाही येत आबा, हे मोडी."

"मला बी नाय येत." त्यांनी तिचा बॉलपेन मागून घेतला. रेल्वेच्या पगाराला जन्मभर सही करणाऱ्या त्या माणसानं ओळीखाली सावकाश एक नांगर काढला, आणि पेन तिला परत दिला.

"इस्वास ठिवावाच लागतो," ते म्हणाले. "माज्या आज्यानं बी ठिवला व्हता."